नामांकित संघांना उतरती कळा का लागते?



तुमच्या पंचक्रोशीत एखादी जुनी तालीम असेल. एकेकाळी तिथले मल्ल जत्रेच्या फडात मानाच्या कुस्त्या मारीत. आज दाराला कुलूप आहे आणि हौद्यातली तांबडी माती वाळून दगडासारखी झाली आहे. पारावर बसलेल्यांना विचारा, "असं का झालं हो?" एक म्हणेल, वस्ताद गेले. दुसरा म्हणेल, पोरं शहरात गेली. तिसरा इकडेतिकडे पाहून हळूच सांगेल, पैशाची चटक लागली. तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य असते.

आज हाच प्रश्न घेऊन मी तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत नेणार आहे. तिथल्या महाविद्यालयांत बास्केटबॉलला फार मोठे स्थान आहे. एकेका महाविद्यालयाच्या संघाने देश गाजवला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि मग तोच संघ असा मागे पडला की आजच्या मुलांना त्याचे नावही ठाऊक नाही. हे का घडते? आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. संघ पडला म्हणजे महाविद्यालयही पडले, असे म्हणायचे का? आपल्यातल्या शिक्षकबंधुभगिनींनी या दुसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे.

आधी खेळाविषयी दोन शब्द. बास्केटबॉल हा एका शिक्षकाने वर्गातल्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे. डिसेंबर १८९१. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेची, म्हणजे वाय.एम.सी.ए.ची, शिक्षक घडवणारी शाळा होती. बाहेर कडाक्याची थंडी, मैदानी खेळ बंद, आणि कवायतीला कंटाळलेली अठरा दांडगी मुले वर्गात. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला दोन टोकांना पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि मुलांना म्हटले, टाका चेंडू टोपलीत. सज्जा दहा फूट उंच होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर. आज साऱ्या जगात ती तितक्याच उंचीवर असते.

हाच खेळ वाय.एम.सी.ए.च्या मार्फत आपल्या देशातही आला. स्प्रिंगफील्डलाच शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले, आणि तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. तुमच्या शाळेच्या पटांगणात लोखंडी कडे लावलेला एखादा खांब उभा असेल, तर त्याचे मूळ त्या टोपलीत आहे.

नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले. गंमत अशी की तिथे प्रशिक्षक म्हणून त्यांच्या संघाचे विजय कमी आणि पराभव जास्त झाले. खेळ शोधणारा माणूसच हरण्यात पुढे! पण त्यांना त्याचे फारसे दुःख नसावे. त्यांच्या दृष्टीने हा खेळ मुलांची शरीरे आणि मने घडवण्यासाठी होता.

पुढे मात्र खेळ वाढला. मोठमोठी सभागृहे भरू लागली. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये निमंत्रितांची स्पर्धा सुरू झाली, आणि १९३९ साली महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने आठ संघांची अजिंक्यपद स्पर्धा भरवली. आज त्या स्पर्धेत ६८ संघ उतरतात आणि मार्च महिना आला की सारा देश तिच्यामागे वेडा होतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल. महाविद्यालयाचा संघ हा वाहत्या ओढ्यासारखा असतो. मुलगा आला, तीन-चार वर्षे खेळला आणि पदवी घेऊन गेला. म्हणजे चार वर्षांत सारा संघच नवा. मग टिकून काय राहते? टिकतो तो शिकवणारा वस्ताद. टिकतो तो मुले पुरवणारा झरा, म्हणजे चांगली मुले ज्या घरांतून, ज्या वस्त्यांतून येतात तो भाग. आणि टिकते ती संस्थेची नियत. या तिन्हींपैकी एक जरी हलले, तरी ओढा आटायला वेळ लागत नाही.

पहिली गोष्ट वस्तादाची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत १९४८ साली जॉन वुडन नावाचे प्रशिक्षक आले. मूळचे ते शाळेत इंग्रजी शिकवणारे मास्तर. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते मुलांना काय शिकवीत, ठाऊक आहे? पायमोजे कसे घालावेत! मोज्याला सुरकुती पडली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, सराव बुडला की सामना जातो. देशात नावाजलेली, सहा-सात फूट उंचीची मुले खाली बसून मोजे चढवायला शिकत.

या वुडन मास्तरांना पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले ते १९६४ साली. मोजा बरे वर्षे! सोळा वर्षे लोटली होती. पण नंतर जी धार लागली ती अशी की १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे, त्यांतली सात तर ओळीने. मधल्या काळात लागोपाठ ८८ सामने ते हरले नाहीत.

१९७५ साली वुडन निवृत्त झाले. त्यांच्या जागी जीन बार्टो आले. दोन वर्षांत त्यांनी ५२ सामने जिंकले आणि अवघे ९ गमावले. दुसऱ्या कुठल्याही गावी अशा माणसाची हत्तीवरून मिरवणूक काढली असती. इथे मात्र लोक नाराज. वर्तमानपत्रांत टीका, चाहत्यांची कुरकुर, "वुडन असते तर" हे एकच पालुपद. दोन वर्षांनी बार्टो ती जागा सोडून गेले. तेव्हापासून आजपर्यंत या विद्यापीठाला आणखी एकच अजिंक्यपद मिळाले, १९९५ साली.

इथे पडझड कशाची झाली? संघ वाईट नव्हता, आजही नाही. पण एका माणसाच्या उंचीने साऱ्यांची मापे काढायची सवय लागली. वडाखाली लावलेले रोप वाढत नाही म्हणून आपण रोपाला बोल लावतो, वरच्या सावलीकडे बघत नाही.

दुसरी गोष्ट मुलींची आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात इमॅक्युलाटा नावाचे एक लहानसे महाविद्यालय आहे. त्या काळी ते फक्त मुलींचे होते आणि जोगिणी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, ते चालवीत. व्यायामशाळा आगीत जळून गेलेली. कॅथी रश नावाच्या तरुण प्रशिक्षिकेला सुरुवातीला साऱ्या हंगामाचे मानधन साडेचारशे डॉलर. १९७२ साली महिला महाविद्यालयांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा इलिनॉय राज्यात भरली. जायला पैसे नव्हते. मुलींनी दात घासायचे ब्रश विकून वर्गणी गोळा केली. तेवढ्या पैशांत आठच मुलींना जाता आले. आणि त्या आठ जणी अजिंक्यपद घेऊन परतल्या!

१९७३ आणि १९७४ सालीही तेच घडले. गावातले सामने बघायला संन्यासिनी येत आणि पत्र्याच्या बादल्या बडवून पोरींना जोर चढवीत. १९७५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या नामांकित सभागृहात प्रथमच महिला महाविद्यालयांचा सामना झाला, त्यात खेळायचा मान याच मुलींना मिळाला.

मग? १९७४ नंतर इमॅक्युलाटाला एकही अजिंक्यपद मिळाले नाही. आज हा संघ तिसऱ्या श्रेणीत खेळतो, जिथे खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती दिली जात नाही.

असे का झाले? कोणी बेइमानी केली? मुळीच नाही. झाले ते असे. १९७२ सालीच अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करू नये, असा तो कायदा. त्याचा अर्थ खेळालाही लागू झाला. मोठमोठ्या विद्यापीठांना मुलींचे संघ उभारावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या, पगारी प्रशिक्षक नेमावे लागले. गावात एकच विहीर असली की तिच्यावर गर्दी असते. घरोघर नळ आले की विहिरीवर कोणी फिरकत नाही. इमॅक्युलाटाची विहीर आटली नाही, बाकीच्यांच्या घरी पाणी आले.

आणि पाणी नेले कोणी, तेही ऐका. याच संघातून खेळलेली मरियन स्टॅनली पुढे ओल्ड डोमिनियन विद्यापीठाची प्रशिक्षिका झाली आणि तिच्या हाताखाली त्या विद्यापीठाने १९७९, १९८० आणि १९८५ साली अजिंक्यपद मिळवले. दुसरी खेळाडू टेरेसा ग्रेंट्झ १९९२ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक महिला संघाची प्रशिक्षिका होती. म्हणजे शेत पडीक दिसत असले, तरी बियाणे भल्या मोठ्या रानात पेरले गेले होते. २०१४ साली नेस्मिथ यांच्या नावाच्या सन्मान-दालनात या साऱ्या संघाला स्थान मिळाले.

आता तिसरी गोष्ट. ही जरा जड मनाने सांगावी लागते.

न्यूयॉर्क शहरात सिटी कॉलेज आहे. १८४७ साली स्थापन झालेले. गरिबांच्या मुलांनाही उच्च शिक्षण मिळावे म्हणून शहराने ते काढले आणि १९७६ पर्यंत तिथे शिकवणीची फी घेत नसत. परदेशातून पोट भरायला आलेल्या शिंप्यांची, फेरीवाल्यांची, कामगारांची मुले तिथे शिकली. १९५० साली या कॉलेजच्या संघात बहुतेक मुले ज्यू निर्वासितांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या घरांतली होती. ज्या काळात दक्षिणेतल्या कित्येक विद्यापीठांत काळ्या मुलाला संघात पाऊल ठेवू देत नसत, तो हा काळ.

त्या वर्षी मार्च महिन्यात नॅट होलमन यांच्या या संघाने केंटकी विद्यापीठाच्या बलाढ्य, सगळ्या गोऱ्या मुलांच्या संघाला ८९ विरुद्ध ५० असे लोळवले. निमंत्रितांची स्पर्धा जिंकली. काही दिवसांतच राष्ट्रीय अजिंक्यपदही जिंकले. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर ब्रॅडली विद्यापीठच होते. एकाच वर्षी या दोन्ही स्पर्धा जिंकणारा दुसरा संघ ना आधी झाला, ना नंतर. गरिबांची पोरे देशात पहिली आली म्हणून सारे न्यूयॉर्क नाचले.

आणि वर्षाच्या आत, १९५१ च्या फेब्रुवारीत, बाहेरगावचा सामना जिंकून संघ आगगाडीने परतला तेव्हा त्यातल्या मुलांना पोलिसांनी पकडले.

गुन्हा काय? तो नीट समजून घ्यायला हवा, कारण तो वरवर पाहता गुन्हा वाटतच नाही. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात ना, आधी ठरवून हरायचे? हा प्रकार त्याचाच चुलतभाऊ, पण जास्त कावेबाज. तिथले सट्टेबाज कोण जिंकेल यावर पैज लावत नाहीत, किती फरकाने जिंकेल यावर लावतात. समजा, अमुक संघ दहा गुणांनी जिंकेल असा अंदाज निघाला. त्या संघावर पैसे लावणारा तेव्हाच जिंकणार, जेव्हा फरक दहापेक्षा अधिक असेल. आता लबाड सट्टेबाज उलट बाजूने पैसे लावतो आणि खेळाडूला गाठून म्हणतो, "अरे, हरायला कोण सांगतंय तुला? जिंक की! फक्त दहाच्या आत जिंक." हजार डॉलर हातावर ठेवतो.

विशीतला पोरगा. घरी चणचण. त्याच्या खेळावर सभागृहात अठरा हजार माणसे तिकीट काढून बसलेली, पण त्यातला एक पैसाही त्याला मिळत नाही. तो मनाशी म्हणतो, संघही जिंकेल, माझ्याही पदरात पडेल, नुकसान कोणाचे? असे म्हणत एक चेंडू मुद्दाम चुकतो, मग दुसरा. एकदा पैसे घेतले की सट्टेबाजाचा पाय गळ्यावर. मग तो फरक कमी करायला सांगून थांबत नाही, सरळ हरायला सांगतो.

चौकशीत निघाले की हे एकट्या सिटी कॉलेजचे नव्हे. एकंदर सात महाविद्यालयांचे तीसहून अधिक खेळाडू त्यात गुंतले होते. अंतिम सामन्यात समोर असलेल्या ब्रॅडलीचेही काही त्यात होते, आणि केंटकीचेही. सिटी कॉलेजपुरते आणखी एक उघड झाले. काही खेळाडूंना प्रवेश मिळावा म्हणून त्यांच्या शाळेच्या गुणपत्रिकांत फेरफार केलेले होते. म्हणजे पोरांनी चेंडू चुकवण्याआधी मोठ्या माणसांनी आकडे चुकवले होते! शिक्षकहो, हा भाग विसरू नका.

याच प्रकरणातला एक चांगला माणूसही सांगतो. मॅनहटन कॉलेजचा ज्युनियस केलॉग हा कृष्णवर्णीय खेळाडू. जानेवारी १९५१ मध्ये त्याला हजार डॉलर देऊ केले गेले. त्याने तडक प्रशिक्षकाकडे जाऊन सांगितले, आणि तिथून सारे प्रकरण उजेडात आले. पुढे १९५४ साली मोटारीच्या अपघातात त्याचे शरीर लुळे पडले. तरी तो खचला नाही. चाकांच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळणाऱ्या अपंगांच्या संघाचा तो प्रशिक्षक झाला.

सिटी कॉलेजने मोठ्या सभागृहातले सामने बंद केले. संघ पुन्हा कॉलेजच्या व्यायामशाळेत आला. आज तोही तिसऱ्या श्रेणीत खेळतो.

म्हणजे बघा, इमॅक्युलाटा आणि सिटी कॉलेज दोघेही आज एकाच पायरीवर उभे आहेत. नुसती गुणांची पाटी वाचणाऱ्याला दोघांत फरक दिसणार नाही. पण एक पडला तो विकला गेल्यामुळे, आणि दुसरा मागे पडला तो बाकीचे वर आल्यामुळे. उतरती कळा दिसायला सारखी असते, तिच्या मागचे कारण सारखे नसते.

इथे तुम्ही विचाराल, "मग केंटकीचे काय झाले? त्यांचीही मुले सापडली होती ना?" रास्त प्रश्न आहे. केंटकीचा १९५२-५३ चा सारा हंगाम रद्द झाला. पण पुढच्याच हंगामात ते २५ सामने खेळले आणि पंचवीसच्या पंचवीस जिंकले. १९५८ साली अजिंक्यपद, आणि मग १९७८, १९९६, १९९८, २०१२. पाप तेच, पण एक संघ उठला आणि एक कायमचा बसला. कारण केंटकीमागे सारे राज्य उभे होते. देणगीदार, सभागृह, शिष्यवृत्त्या, सारे शाबूत. सिटी कॉलेजची मुले घरून डबा घेऊन भुयारी गाडीने येणारी. त्यांच्याजवळ होते ते नाव. ते गेले, आणि सारे गेले. श्रीमंताच्या घरची पडझड लवकर डागडुजी होते, गरिबाची भिंत एकदा पडली की पडली. हे न्यायाचे नाही, पण घडते असेच.

चौथी गोष्ट एका प्रमुखाची. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे जेझुइट धर्मगुरूंचे. बिल रसेल आणि के. सी. जोन्स हे दोन विख्यात खेळाडू तिथले. त्या वेळी विद्यापीठाला स्वतःची व्यायामशाळाही नव्हती, दुसऱ्यांच्या जागेत सराव करीत. तरी १९५५ आणि १९५६ अशी दोन अजिंक्यपदे मिळाली आणि लागोपाठ ६० सामने जिंकले.

सत्तरीच्या दशकात तिथे कुरबुरी सुरू झाल्या. धनिक हितचिंतक खेळाडूंना गुपचूप पैसे देत. राष्ट्रीय संघटनेने दोनदा शिक्षा केली, तरी प्रकार थांबेना. शेवटी एका नावाजलेल्या खेळाडूला न केलेल्या कामाचा पगार मिळत असल्याचे उघड झाले. तेव्हा १९८२ च्या जुलैत विद्यापीठाचे प्रमुख फादर जॉन लो स्कियावो यांनी बास्केटबॉलचा संघच बंद करून टाकला. बाहेरून कोणी बंद करायला लावला नव्हता. ज्या संघाने विद्यापीठाला देशभर नाव दिले, तोच संघ विद्यापीठाचे नाव खाऊ लागला आहे, हे त्यांना दिसले.

कल्पना करा, काय ओरड झाली असेल! पण ते मागे हटले नाहीत. १९८५ साली नव्या शिस्तीने संघ पुन्हा सुरू झाला. आजही तो खेळतो. राष्ट्रीय स्पर्धेत १९९८ आणि २०२२ साली पोचलाही. पण रसेलचे दिवस काही परत आले नाहीत. फादरांना हे ठाऊक नसेल का? असेलच. ती किंमत जाणूनबुजून मोजलेली होती.

आता आजची परिस्थिती. २०२१ पासून तिथल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छायाचित्रावर जाहिरातींतून पैसे मिळवायची मुभा आहे. २०२५ पासून तर न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना उघडपणे वाटा देऊ शकतात. त्यात चांगलेही आहे. १९५१ साली ज्या पोराला अठरा हजारांच्या सभागृहातून रिकाम्या खिशाने घरी जावे लागे, त्याच्यावरचा अन्याय दूर झाला. चोरून मिळणारे आता हक्काने मिळते.

पण त्याबरोबर महाविद्यालय बदलणेही सोपे झाले. पूर्वी संघ बदलला की एक वर्ष बाकावर बसावे लागे, आता ती अट उरली नाही. याचा परिणाम पाहा. २०२२ साली जर्सी सिटीतल्या सेंट पीटर्स या लहानशा विद्यापीठाने राष्ट्रीय स्पर्धेत चक्क केंटकीला हरवले आणि शेवटच्या आठ संघांत मजल मारली. देशभर कौतुक झाले. काही आठवड्यांत त्यांचे प्रशिक्षक मोठ्या विद्यापीठात गेले, आणि पाठोपाठ संघातले बरेच चांगले खेळाडूही दुसरीकडे गेले. पूर्वी वैभव ओसरायला दहा-वीस वर्षे लागत. आता वैभव आले त्याच उन्हाळ्यात निघून जाऊ शकते. चांगला बैल तयार केला की बाजारात मोठा गाडीवान उभाच असतो.

मंडळी, आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न. संघ पडला म्हणजे महाविद्यालय पडले का?

त्याचे उत्तर सिटी कॉलेजच देते. १९३४ साली तिथून एक मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला. स्थलांतरित ज्यू कुटुंबातला, फी नसल्यामुळेच शिकू शकलेला. त्याचे नाव जोनास सॉल्क. पोलिओवरची पहिली परिणामकारक लस त्याने तयार केली, आणि १९५५ साली ती सुरक्षित व गुणकारी असल्याचे जाहीर झाले. ज्या आईने आपले लेकरू लुळे पडलेले पाहिले आहे, तिला त्या शोधाची किंमत सांगायला नको. सिटी कॉलेजने नोबेल पारितोषिक मिळवणारे अनेक विद्यार्थीही दिले. बास्केटबॉलचा संघ तिसऱ्या श्रेणीत गेला म्हणून या यादीतले एक नाव खोडावे लागले नाही. महाविद्यालय ज्यासाठी काढले होते, ते काम चालू राहिले.

म्हणून तुमच्या शाळेचा कबड्डीचा किंवा खो-खोचा संघ जिल्ह्यात पहिला येत असेल, तर आनंद करा, मिरवणूक काढा. पण वर्षातून एकदा शांतपणे बसून मनाशी विचारा. शिकवणारा उद्या बदलून गेला, तर शिकवणे मागे राहील का? मुले ज्या वस्तीतून येतात, तिथल्या धाकट्या भावंडांपर्यंत आपण पोचतो का? आणि संघासाठी एखाद्या मुलाचे गुण किंवा वय कागदावर बदलायची वेळ आली, तर आपला हात थांबेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खात्रीने देता येत असेल, तर ढाल कपाटात राहिली काय आणि शेजारच्या गावी गेली काय, फारसे बिघडत नाही.

जाता जाता एवढेच सांगतो. १९५१ साली पकडल्या गेलेल्या सिटी कॉलेजच्या मुलांत फ्लॉइड लेन नावाचा एक खेळाडू होता. व्यावसायिक बास्केटबॉलचे दार त्याला कायमचे बंद झाले. त्याने न्यूयॉर्कच्या वस्त्यांत मुलांना खेळ शिकवायला घेतला. वर्षे गेली. १९७४ साली सिटी कॉलेजला प्रशिक्षक हवा होता, आणि कॉलेजने नेमले ते फ्लॉइड लेन यांनाच. पुढे १९८८ पर्यंत ते तिथे होते. देशात पहिला क्रमांक त्यांच्या संघाला मिळाला नाही. पण ज्या व्यायामशाळेतून तो पोरगा मान खाली घालून बाहेर पडला होता, तिथेच तो चौदा वर्षे नव्या पोरांपुढे शिक्षक म्हणून उभा राहिला. चेंडू मुद्दाम चुकवला की काय होते, हे त्याच्याइतके जाणून त्यांना दुसरे कोण शिकवू शकले असते?